चंद्राचे फोटो आणि त्याचा खरा रंग : व्हाइट बॅलन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे फक्त रंगाची चर्चा आहे. फोकस, ट्रायपॉड, शार्पनेस हे विषय वेगळे. डीएसएलआर, मिररलेस, मोबाइल किंवा दुर्बिणीला लावलेला खगोल कॅमेरा, काहीही वापरत असाल तरी बहुतेक उत्तरं लागू पडतील. सगळं क्रमाने वाचायची गरज नाही, पण पहिली दोन उत्तरं तेवढी वाचा. पुढचं बरंचसं त्यांवर उभं आहे.

चंद्राचा खरा रंग नेमका कोणता?

किंचित तपकिरीकडे झुकणारा गडद करडा. चंद्र स्वतः उजेड देत नाही. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के तो परत पाठवतो, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकाच. शिवाय तो सगळे रंग सारखे परतवत नाही. लाल भाग जास्त, निळा कमी. खगोलशास्त्रज्ञ निळ्या आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांतल्या प्रतींच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका उजेड मंद) फरकावरून रंग मोजतात. सूर्यासाठी हा आकडा साधारण ०.६५ येतो, पौर्णिमेच्या चंद्रासाठी ०.९२ च्या आसपास. याचा सरळ अर्थ असा, की चंद्रप्रकाशात निळा भाग सूर्यप्रकाशाच्या तुलनेत सुमारे एक पंचमांशाने कमी असतो. चंद्रप्रकाशाचं रंगतापमान (उजेड पिवळसर-उबदार की निळसर-थंड याचं माप, आकडा कमी तितका उबदार) ४१०० केल्विनच्या आसपास सांगतात ते यामुळेच.

या लालसरपणाचं कारण चंद्राच्या मातीत आहे. सौर वारा आणि सूक्ष्म उल्कांचा मारा अब्जावधी वर्षं चालू असल्यामुळे मातीच्या कणांवर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण जमा होतात आणि पृष्ठभाग काळपट, लालसर होत जातो. ताज्या विवरांमधून उडालेली माती अजून तेवढी मुरलेली नसते, म्हणून टायको किंवा कोपर्निकसभोवतीचे पट्टे उजळ आणि तुलनेने निळसर दिसतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. अपोलोचे अंतराळवीर प्रत्यक्ष तिथे उभे होते, तरी कुणाला जमीन करडी दिसली, कुणाला तपकिरी. सूर्य किती उंचीवर आहे आणि आपण कुठल्या दिशेला पाहतो आहोत यावर ते ठरत होतं. फोटोंचा रंग नंतर जुळवता यावा म्हणून शेवटच्या मोहिमांत तिपाईवर करड्या छटांची आणि रंगांची पट्टी बसवून ती दृश्यात ठेवत असत. प्रत्यक्ष चंद्रावर उभं राहूनही संदर्भाची पट्टी लागत होती, तर आपल्याला ती लागणारच.

मग ‘अचूक’ व्हाइट बॅलन्स म्हणजे काय?

व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला सांगणं, की ‘याला पांढरं समज’. ‘याला’ म्हणजे कशाला, हे तुम्ही ठरवायचं असतं. चंद्राच्या बाबतीत तीन प्रामाणिक पर्याय आहेत.

पहिला, सूर्यप्रकाशाला पांढरं मानायचं. मग चंद्र तपकिरी-करडा येतो. वस्तूचा रंग म्हणून हा सर्वांत खरा. दुसरा, चंद्राची सरासरी हीच करडी मानायची. असं केलं की एकूण झाक जाते आणि चंद्राच्या एका भागाचा रंग दुसऱ्यापेक्षा कसा वेगळा आहे ते उठून दिसतं. तिसरा, त्या क्षणी डोळ्याला जसा दिसला तसा ठेवायचा. उगवता चंद्र केशरी दिसला, तर फोटोतही केशरीच.

या तिन्हींपैकी एकही चूक नाही. गोंधळ होतो तो न ठरवता स्लायडर हलवत बसल्यामुळे. दुसरा घोळ असा, की हवेने केलेला रंगबदल, आकाशाचा मिसळलेला उजेड आणि भिंगाचा दोष हे तिन्ही एकाच व्हाइट बॅलन्सच्या स्लायडरने घालवायचा प्रयत्न केला जातो. त्यांवर उपाय वेगवेगळे आहेत. पुढची निम्मी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

चंद्र डोळ्यांना पांढराशुभ्र दिसतो आणि चांदणं निळसर. फोटोत मात्र पिवळट येतं. असं का?

काळ्या आकाशात चंद्राहून उजळ असं दुसरं काहीच नसतं. डोळा समोरच्या सर्वांत उजळ वस्तूला पांढरं धरतो, म्हणून गडद करडा चंद्रही पांढरा वाटतो.

चांदण्याचा निळेपणाही डोळ्यातच आहे. मंद उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी पुढे येतात. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. निळ्या-हिरव्याकडे त्यांची संवेदना जास्त. याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. प्रत्यक्षात चांदणं दिवसाच्या उन्हापेक्षा जरा उबदार असतं. चांदण्यात ३० सेकंदांचं एक्स्पोजर देऊन एखादं निसर्गदृश्य काढून पाहा. आकाश निळं, झाडं हिरवी, थेट दिवसासारखा फोटो येईल. फरक एवढाच, की आकाशात तारे असतील. चित्रपटांतली निळी रात्र पडद्यावर छान दिसते, पण तिला अचूक म्हणता येत नाही.

ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवला तर काय बिघडतं?

एकच फोटो असेल तर कधीकधी काहीच नाही. पण ऑटो हे चौकटीतल्या एकूण रंगांवरून अंदाज बांधतं. चंद्राच्या फोटोत बहुतेक चौकट काळी असते, उरलेल्या भागात एकच वस्तू, आणि तीही जवळजवळ एकरंगी. अंदाजाला धरायला काही नसतंच. चंद्र चौकटीत थोडा सरकला किंवा झूम बदलला, तरी पुढच्या फोटोची झाक बदलते. टाइमलॅप्समध्ये ही धडधड डोळ्यांना खुपते. ग्रहणात तर ऑटो चांगल्या तांबड्या चंद्राला करडा करू पाहतं.

मग किती केल्विन ठेवायचे?

डेलाइट प्रीसेट, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विन. तिथेच ठेवा आणि विसरून जा. चंद्रावर पडतं ते ऊनच असतं, त्यामुळे कॅमेऱ्याला उन्हासाठी लावणं तर्कालाही धरून आहे. चंद्र उंचावर असताना या सेटिंगवर हलका उबदार करडा रंग मिळतो.

पूर्ण करडा हवा असेल तर ४२०० च्या आसपास उतरा. ३५०० च्या खाली गेलात, की चंद्र बर्फासारखा निळा होतो. नेटवर असे फोटो रग्गड आहेत. आवडत असतील तर जरूर करा, पण तो रंग चंद्राचा नव्हे.

नव्यांची एक नेहमीची अडचण: आकडा वाढवला की फोटो उबदार का होतो, तापमान वाढलं की रंग निळा व्हायला हवा ना? आकडा प्रकाशाचं वर्णन करतो. ‘प्रकाश ७००० केल्विनचा, म्हणजे निळा आहे’ असं तुम्ही सांगितलंत, की कॅमेरा त्यावर उतारा म्हणून पिवळा घालतो.

रॉमध्येच फोटो काढत असेन तर कॅमेऱ्यावरच्या सेटिंगने काय फरक पडतो?

रॉ म्हणजे सेन्सरवरची माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल. तिच्यातल्या मूळ आकड्यांना काही फरक पडत नाही. मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र आणि हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ आहेत याचा आलेख) मात्र व्हाइट बॅलन्स लावलेल्या जेपेगवरून तयार होतात. चुकीच्या सेटिंगवर लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा भाग) कमाल मर्यादेपर्यंत भरल्यासारखा दिसेल आणि तुम्ही उगाच एक्स्पोजर कमी कराल. म्हणून रॉमध्येही डेलाइट ठेवा. शंभर फोटो एकसारखे उघडतात, हा वरचा फायदा.

जेपेगमध्ये मोठी दुरुस्ती टाळा. त्यात ८ बिटच असतात, आणि बहुतेक कॅमेरे जेपेग करताना रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात. चंद्राचे रंग मुळातच फिके. ताणायला गेलं की ठोकळे दिसू लागतात.

प्रीसेटपेक्षा अचूक संदर्भ हवा असेल तर?

करडं कार्ड घ्या. त्याचा फोटो काढायचा तो दिवसा, थेट उन्हात, आणि सूर्य साधारण त्याच उंचीवर असताना, ज्या उंचीवर रात्री चंद्र असणार आहे. म्हणजे दोन्ही वेळी प्रकाश हवेच्या जवळजवळ तेवढ्याच जाडीतून येतो आणि हवेचा परिणाम बराचसा वजा होतो. लेन्स, फिल्टर, कॅमेरा तेच ठेवा.

एक खाच आहे. उघड्यावर ठेवलेल्या कार्डावर उन्हासोबत निळ्या आकाशाचाही उजेड पडतो, आणि त्यावरून बॅलन्स धरला तर चंद्र गरजेपेक्षा उबदार येतो. काळ्या कागदाची लांब नळी करून ती सूर्याकडे रोखा आणि नळीच्या तळाशी कार्ड ठेवा, म्हणजे कार्डावर फक्त ऊन येईल. कॅमेरा कार्डाकडे वळवायचा, सूर्याकडे नाही. लांब लेन्स किंवा दुर्बीण सौर फिल्टरशिवाय सूर्यावर रोखली तर डोळा आणि सेन्सर दोन्ही जातात.

दुर्बिणीवाल्यांसाठी दुसरा मार्ग आहे: सूर्याच्या जातीचा तारा. अशा ताऱ्यांचा वर्ग जी२व्ही. वृश्चिकेतला १८ स्कॉर्पी हा सूर्याचा जवळजवळ जुळा, पण मंद, पाचव्या-सहाव्या प्रतीच्या दरम्यानचा. दक्षिणेकडून अल्फा सेंटॉरी ए सोयीचा पडतो. तारा चंद्राच्या उंचीला आला, की त्याच साधनाने त्याचे फोटो घ्या, लाल-हिरवा-निळा सारखे येईपर्यंत गुणक ठरवा आणि तेच गुणक चंद्राच्या फोटोला लावा. ग्रहांचे फोटो काढणारेही हीच पद्धत वापरतात. पौर्णिमेच्या फोटोसाठी एवढा खटाटोप करायलाच हवा असं नाही, पण एकदा करून पाहिला की आपल्या कॅमेऱ्याचा डेलाइट प्रीसेट किती तिरपा आहे ते कळतं.

सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर चंद्रावर कुठे टेकवू?

ड्रॉपर म्हणजे ‘हा ठिपका करडा समज’ असं सांगायचं साधन. शक्यतो कुठेच नको. चंद्रावर खात्रीने करडा म्हणावा असा ठिपका नाही. शांतिसागरावर, म्हणजे मारे ट्रँक्विलिटाटिस या चंद्रावरच्या गडद मैदानावर टेकवलात, तर तो निळसर भाग करडा धरला जाईल आणि बाकी सगळं लालसर होईल. शेजारच्या सेरेनिटाटिस सागरावर टेकवलात तर नेमकं उलट. उजळ पठारी भागातही ड्रॉपर लहान असेल तर नॉइजमुळे (फोटोतल्या रंगीत दाण्यांमुळे) दर क्लिकला निराळं उत्तर येतं.

दुसरा पर्याय, म्हणजे सरासरी करडी, हवा असेल तर सबंध चंद्रबिंब निवडा, त्याची सरासरी काढा आणि तिन्ही चॅनल त्या सरासरीवर जुळवा. काळं आकाश निवडीत येऊ देऊ नका.

एक्स्पोजरचा रंगाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जास्त उजेड गेला की आधी रंग जातो, मग तपशील. सेन्सरवर बहुधा हिरवा चॅनल आधी भरतो. तो भरल्यावर व्हाइट बॅलन्सच्या गुणकांनी लाल आणि निळा वर ओढले जातात, आणि अ‍ॅरिस्टार्कस किंवा टायकोसारख्या उजळ जागी गुलाबी झाक येते. ती व्हाइट बॅलन्सने जात नाही, कारण तिथली हिरव्याची माहितीच गेलेली असते.

पौर्णिमेसाठी जुना नियम पुरेसा आहे: अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/आयएसओ. म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद. तिथून सुरुवात करा आणि तिन्ही चॅनलचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहा. एकत्रित पांढऱ्या हिस्टोग्रामवर विसंबू नका. अर्ध्या चंद्राला एक्स्पोजर बरंच वाढवावं लागतं. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा तेजस्वी असतो असं वाटतं, पण प्रत्यक्षात तो तिच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो. एक तर सावल्या लांब पडलेल्या असतात, आणि पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून असल्यामुळे सावल्या लपून चंद्र जास्तच उजळतो.

क्षितिजावरचा केशरी चंद्र दुरुस्त करावा का?

माझं मत: करू नये. तो रंग हवेचा आहे आणि तो तिथे खरोखर होता. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा खूप जास्त विखुरतात. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. डोक्यावरच्या चंद्राचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असं धरलं, तर ३० अंशांवर दोन थर, १० अंशांवर साडेपाचाच्या वर आणि थेट क्षितिजावर सुमारे ३८. दहा अंशांवर, हवा स्वच्छ असली तरी, लालच्या तुलनेत निळा साधारण निम्म्यावर येतो. धूळ किंवा धूर असेल तर विचारूच नका.

तरीही अभ्यासासाठी हवेचा परिणाम काढायचाच असेल, तर चंद्र ३० अंशांच्या वर जाईपर्यंत थांबणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय. खाली असताना काढलेल्या फोटोत निळा चॅनल ताणला की त्याचा नॉइजही सोबत ताणला जातो.

केशरी ठेवायचा तर डेलाइटवरच ठेवा. अनेक जण शेड किंवा क्लाउडी प्रीसेट लावून त्याला लालभडक करतात आणि मग लोकांना तो ग्रहणातला वाटतो.

चंद्राच्या वरच्या कडेला निळी आणि खालच्या कडेला लाल रेघ येते. व्हाइट बॅलन्सने का जात नाही?

कारण तो रंगाचा प्रश्नच नाही, जागेचा आहे. हवा प्रिझमसारखी वागते आणि निळं बिंब लाल बिंबापेक्षा जरा वर सरकलेलं दिसतं. चंद्र जितका खाली, तितकं हे जास्त. उपाय म्हणजे तिन्ही चॅनल वेगळे करून एकमेकांवर नीट बसवणं. रेजिस्टॅक्ससारख्या स्टॅकिंग (अनेक फोटो एकत्र करून एक स्वच्छ फोटो बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बटण असतं. दुर्बिणीला लावायचा वातावरणीय अपस्करण दुरुस्तक नावाचा दोन प्रिझमचा सुटा भागही मिळतो.

रेघ सगळीकडून सारखी आणि जांभळी असेल तर मात्र दोष भिंगाचा. साध्या दोन भिंगांच्या दुर्बिणीत ही जांभळी किनार ठरलेली. आधी कडा दुरुस्त करा, मग सरासरी काढा. उलट केलंत तर किनारीचा रंग सरासरीत शिरतो.

दिवसा काढलेला चंद्र निळा येतो. केल्विन वाढवले तर आकाशही पिवळट होतं. काय करू?

इथे व्हाइट बॅलन्स हे हत्यारच चुकीचं आहे. व्हाइट बॅलन्स गुणाकार करतो, आणि दिवसाचा चंद्र निळा होतो तो बेरजेमुळे. चंद्र आणि आपण यांच्यामध्ये उजळ हवा आहे. तिचा निळा उजेड चंद्राच्या प्रत्येक बिंदूवर मिसळतो. पुरावा समोरच असतो: अर्ध्या चंद्राचा न उजळलेला भाग शेजारच्या आकाशाच्याच रंगाचा दिसतो, आणि सागरांचे गडद भाग उजळ भागांपेक्षा जास्त निळे येतात. बेरीज झाली आहे, तर वजाबाकी करायला हवी.

चंद्राच्या अगदी शेजारच्या आकाशाचे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे घ्या आणि सगळ्या चित्रातून ते त्या त्या चॅनलमधून वजा करा. शक्यतो हे रॉमधून काढलेल्या, गामा न लावलेल्या रेखीय चित्रावर (ज्यात आकडे उजेडाच्या प्रमाणात असतात) करा. फोटोशॉपमध्ये आकाशाच्या रंगाचा सपाट थर वर ठेवून ब्लेंड मोड सबट्रॅक्ट करता येतो. आकाश काळं पडेल आणि चंद्र त्याच्या मूळ रंगात वर येईल. त्यानंतर हवा तो व्हाइट बॅलन्स. निळं आकाश परत हवं असेल तर मास्क लावून मूळ आकाश ठेवा, पण मग ते चित्र दोन तुकड्यांचं आहे हे सांगून टाका.

काढतानाच मदत हवी असेल तर पोलरायझर. आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवित असतो, आणि अर्धा चंद्र नेमका तिथेच असतो. फिल्टर फिरवत आकाश गडद झालं की थांबा. पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्राला याचा फारसा उपयोग नाही.

निळ्या-तपकिरी रंगांचा ‘खनिज चंद्र’ खोटा असतो का?

रंग खरे असतात, त्यांची तीव्रता वाढवलेली असते. शांतिसागराचा निळसरपणा टायटॅनियममुळे आहे. तिथल्या बेसॉल्टमध्ये इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिज भरपूर आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ ने तिथून आणलेल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचं प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. शेजारच्या सेरेनिटाटिसच्या मधल्या भागात टायटॅनियम कमी, म्हणून तो तपकिरी. दोन्ही सागर जिथे भेटतात तिथली सीमा चांगल्या फोटोत स्पष्ट दिसते, आणि आपला फोटो रंगाच्या दृष्टीने जमला की नाही हे तपासायची मी तीच जागा धरतो. ती रेघ दिसत नसेल, तर बाकी कितीही रंग दिसोत, ते नॉइजचे किंवा भिंगाचे असण्याची शक्यता जास्त. दुसरी खूण अ‍ॅरिस्टार्कसचं पठार: मोहरीसारखा पिवळट-तपकिरी चौकोनी डाग, जुन्या ज्वालामुखी राखेचा. डिसेंबर १९९२ मध्ये गॅलिलिओ यानाने गुरूकडे जाता जाता वेगवेगळ्या फिल्टरांतून चंद्राचे फोटो घेतले. त्यांतून बनवलेल्या कृत्रिम रंगांच्या नकाशातही हीच विभागणी दिसते.

करण्याची रीत अशी. पौर्णिमेच्या आसपासचा, उंचावरचा चंद्र घ्या. सावल्या नसल्या की उरतो तो मातीचा रंग. कमी आयएसओवर बरेच फोटो काढून स्टॅक करा, कारण रंगांतला फरक इतका थोडा आहे, की एका फोटोतला नॉइज त्याला गिळून टाकतो. १६ बिटमध्ये राहा. चॅनल एकमेकांवर बसवा, बिंबाची सरासरी करडी करा, आणि मगच सॅच्युरेशन वाढवा. एका दमात नाही, थोडं थोडं करून अनेकदा. मध्ये थांबून रंगाचा थर हलका धूसर करा, आणि तपशील वेगळ्या शार्प केलेल्या करड्या चित्रातून घ्या. डोळा तपशील उजेडातून वाचतो, त्यामुळे रंग थोडा धूसर असला तरी चालतं.

सरासरी करडी न करता डेलाइटवरच सॅच्युरेशन वाढवलंत तर सगळा चंद्र नारिंगी होतो आणि निळे भाग बुडतात. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि सबंध बिंबावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत निळ्याकडून लालकडे जाणारा सलग उतार दिसला, तर तो खनिजांचा नाही. चॅनल नीट बसले आहेत का ते पुन्हा पाहा.

खग्रास ग्रहणात काय सेटिंग ठेवू?

डेलाइट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काहीही झालं तरी न बदलता. तांबडा रंग पृथ्वीच्या वातावरणातून वाकून प्रच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या गडद सावलीत, शिरलेल्या प्रकाशाचा असतो. तो रंग हाच फोटोचा विषय, त्याला करडा करून काय मिळवायचं?

तांबडेपणा ग्रहणागणिक बदलतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजाँ यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या मापनात ० म्हणजे जवळजवळ अदृश्य, काळपट चंद्र आणि ४ म्हणजे उजळ तांबूस-केशरी. जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, आणि वातावरणात वर पसरलेल्या कणांमुळे डिसेंबर १९९२ चं ग्रहण विलक्षण काळोखं झालं. म्हणजे ‘ग्रहणाचा बरोबर रंग’ असा एक ठरलेला रंग नाही. तुमच्या फोटोत विटकरी आला आणि कुणाच्या जुन्या फोटोत केशरी, तर दोन्ही बरोबर असू शकतात.

एक्स्पोजर मात्र रंग बदलतं. लाल चॅनल भरून गेला की विटकरीचा केशरी होतो, पुढे पिवळट. वेगवेगळ्या शटरवर फोटो घ्या आणि लाल चॅनल भरलेला नाही असाच ठेवा. खग्रास सुरू होताना किंवा संपताना प्रच्छायेच्या कडेला एक फिकट निळसर पट्टा येतो तो पुसू नका. स्थितांबरातून जाणाऱ्या प्रकाशातला लाल भाग ओझोन शोषतो, त्याची ती खूण आहे.

चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागावरचा मंद उजेड निळसर यायला हवा का?

हो, थोडा. तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश आहे, आणि पृथ्वी अंतराळातून निळसर दिसते. डेलाइटवर उजळ कोर उबदार आणि बाकी बिंब तिच्या तुलनेत थंड दिसलं तर ते बरोबर आहे. पण दोन गोष्टी आड येतात: कोर क्षितिजाजवळ असते म्हणून सगळंच लालसर होतं, आणि संधिप्रकाशाचं आकाश त्यात मिसळतं. दिवसाच्या चंद्रासाठी सांगितलेली वजाबाकी इथेही चालते.

खगोल कॅमेऱ्यातून चंद्र हिरवा किंवा गुलाबी येतो. कॅमेरा बिघडला का?

नाही. हिरवा येतो कारण सेन्सरवर दर चार पिक्सेलांत दोन हिरवे असतात, हिरव्याची संवेदनाही जास्त असते, आणि कच्च्या चित्राला अजून कुठलेच गुणक लावलेले नसतात. गुलाबी किंवा जांभळट धुरकटपणा बहुधा अवरक्त प्रकाशाचा. या कॅमेऱ्यांत अनेकदा अवरक्त अडवणारी काच नसते. यूव्ही-आयआर कट फिल्टर लावा. अवरक्त प्रकाश तिन्ही चॅनलांत शिरतो, त्यामुळे नंतर तो निस्तरता येत नाही. खगोलासाठी आतला फिल्टर काढून घेतलेल्या डीएसएलआरलाही हेच लागू.

लाल-निळा अदलाबदल झाल्यासारखे दिसले, शांतिसागर तपकिरी आणि सेरेनिटाटिस निळा, तर डीबायर करतानाचा (कच्च्या पिक्सेलांपासून रंगीत चित्र बनवतानाचा) क्रम चुकला आहे. मेनूतला दुसरा क्रम निवडा.

मोबाइलवर काही करता येतं का?

प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५२०० वर लॉक करा, रॉ चालू करा, एक्स्पोजर हाताने कमी करा. दुर्बिणीच्या आयपीसला मोबाइल लावलात तर निकाल चांगलाच येतो. साध्या मोडमध्ये काही फोन चंद्र ओळखून आपल्या मनाने तपशील आणि रंग घालतात. त्या फोटोच्या रंगावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

खाली शहराचे दिवे आणि वर चंद्र, दोघांचा रंग एकदम बरोबर येत नाही.

येणारही नाही. पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड २००० केल्विनच्या आसपासचा आणि चंद्र ४१०० चा. एका चित्राला एकच पांढरा मिळतो. दोन पर्याय: डेलाइटवर ठेवून दिवे पिवळे मान्य करा, किंवा एकाच रॉमधून दोन वेगवेगळे बॅलन्स काढून मास्कने जोडा. मला पहिला बरा वाटतो. दिवे पिवळेच असतात.

मून फिल्टर, एनडी फिल्टर (दोन्ही उजेड कमी करणाऱ्या काचा) यांनी रंग बदलतो का?

स्वस्त असतील तर हमखास. बरेच मून फिल्टर उघड हिरवट असतात. ते डोळ्याने पाहण्यासाठी ठीक, फोटोसाठी काढून ठेवा. चंद्र कॅमेऱ्यासाठी इतका तेजस्वी नसतोच, शटरचा वेग वाढवला की झालं.

माझ्या लॅपटॉपवर करडा दिसणारा चंद्र दुसऱ्याच्या फोनवर पिवळा का?

आधी दोन्ही उपकरणांवरचा रात्रीचा मोड बंद आहे का ते पाहा. चंद्राचे फोटो लोक रात्रीच एडिट करतात, आणि नेमका तेव्हाच स्क्रीन आपोआप पिवळी झालेली असते. ते नसेल तर मॉनिटर कॅलिब्रेट करा, पांढरा बिंदू ६५०० केल्विनला ठेवा आणि फोटो एसआरजीबी प्रोफाइल जोडून सेव्ह करा. दुसऱ्याचा फोन तुमच्या हातात नाही, पण स्क्रीनवर विसंबायचीही गरज नाही: बिंबाच्या सरासरीचे तीन आकडे पाहा. सरासरी करडी केली असेल तर ते सारखे असतील; सूर्याला पांढरं मानलं असेल तर लाल सर्वांत जास्त, हिरवा मधे आणि निळा सर्वांत कमी असेल.